कळा सुरू झाल्यावर दवाखाना गाठायचा कसा: सातव्या महिन्यात करून ठेवायची आखणी

बाळंतपणाची तयारी म्हटलं की घरात आधी बॅग भरली जाते. दुपटी, झबली, टोपडी, डिंकाचे लाडू, सगळं वेळेत होतं. रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, हे मात्र कळा सुरू झाल्यावर ठरतं. बॅग अर्धी राहिली तर फारसं अडत नाही, कपडे मागून आणता येतात. रस्ता ठरलेला नसेल तर अडतं. बाळ ३७ आठवड्यांच्या आधीही येऊ शकतं, म्हणून ही आखणी सातव्या महिन्यात सुरू करा आणि ३४ आठवडे भरायच्या आत पक्की करा.

बाळंतपणात जीव धोक्यात येतो तेव्हा उशीर बहुतेक तीन ठिकाणी झालेला असतो. निघायचं की नाही हे ठरवण्यात, वाटेत, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. पहिले दोन उशीर घरच्यांच्या हातात असतात. तिसराही बराचसा टळतो, पण त्यासाठी ठिकाण नीट निवडलेलं असावं लागतं.

आधी ठिकाण, मग गाडी

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं, सिझर होत नाही. ग्रामीण रुग्णालयांपैकी काही ठिकाणी सिझर होतं, काही ठिकाणी नाही. कुठे इमारत आहे पण भूलतज्ज्ञ नाही, कुठे भूलतज्ज्ञ फक्त ठरावीक दिवशी येतो. उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय या त्यापुढच्या पायऱ्या. पाटीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, प्रत्यक्ष जाऊन विचारा: रात्री आणि रविवारी सिझर होतं का? भूलतज्ज्ञ दवाखान्यातच असतो की बोलवावा लागतो, आणि बोलावल्यावर यायला किती वेळ लागतो? रक्त इथेच मिळतं की दुसऱ्या गावाहून आणावं लागतं? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर ठेवायची सोय आहे का? खासगी नर्सिंग होमलाही हेच प्रश्न विचारा. तिथे आणखी दोन वाढवा: रात्री डॉक्टर स्वतः असतात का, आणि दाखल होताना किती रक्कम भरावी लागते.

हे विचारायला चांगला दिवस म्हणजे महिन्याची ९ तारीख. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते आणि जोखमीची बाळंतपणं वेगळी काढली जातात. डॉक्टरांना थेट विचारा, ‘हिचं बाळंतपण कुठे करायचं?’ ते ठिकाण गरोदरपणाच्या तपासणीच्या कार्डावर लिहून घ्या.

काही बायकांनी जवळचं केंद्र सोडून सरळ सिझरची सोय असलेलं ठिकाणच धरायचं असतं. आधीचं सिझर, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, वार (प्लासेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असणं, वाढलेलं बीपी, मधुमेह, सातच्या खालचं हिमोग्लोबिन, आधीच्या खेपेला झालेला मोठा रक्तस्राव. यातलं एकही असेल तर ‘कळा आल्या की बघू’ हा बेत रद्द करा. घर लांब असेल तर तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांकडे राहायला जा. वार खाली असेल किंवा आधी दोन सिझर झाली असतील तर मुक्कामाला कधी जायचं आणि कधी दाखल व्हायचं ही तारीख डॉक्टरांकडूनच घ्या. आदिवासी तालुक्यांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघर आहे. तिथे तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहता येतं, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूलही चालतं, जेवणाची सोय होते. पावसाळ्यात ज्या पाड्यांची वाट तुटते त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ते त्या दवाखान्यात मिळतं का हे आधीच विचारून ठेवा. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा सिझर ठरलं असेल तर रक्त द्यायला दोन निरोगी माणसं सांगून ठेवा आणि त्यांचे नंबर लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट हमखास राहते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी येते आणि नोंद सासरच्या गावात राहते. माहेरच्या आशाताईला ती आलीये हे माहीतच नसतं. पोचल्याच्या आठवड्यात माहेरच्या आशाताईला भेटा, तिथल्या नर्सबाईंकडून कार्डावर नोंद करून घ्या आणि ज्या दवाखान्यात बाळंतपण होणार तिथे निदान एकदा तपासून या. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक सासरी राहू देऊ नका. पासबुक जननी सुरक्षा आणि मातृवंदना योजनेच्या पैशांसाठी लागतं. पोचायला त्याची गरज नाही, पण नंतर त्याच्यासाठी खेटे पडतात.

वेळेचा हिशोब

गूगल मॅपवर ५० मिनिटं दिसली म्हणून दवाखाना ५० मिनिटांवर आहे असं होत नाही. गाडी दारात यायला लागणारा वेळ, घरातून गाडीपर्यंत चालायला लागणारा वेळ, रस्ता, आणि दवाखान्याच्या फाटकातून लेबर रूमपर्यंतचा वेळ, अशी बेरीज करा. समजा गाडी यायला ४० मिनिटं, वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत १५, रस्ता ५०, केसपेपर आणि जिना मिळून १५. झाले दोन तास. निघायची वेळ या दोन तासांवरून ठरते.

एकदा दिवसा आणि एकदा रात्री त्या रस्त्याने जाऊन या. रात्री दवाखान्याचं कोणतं फाटक उघडं असतं, लेबर रूम कोणत्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालते का, हे तेव्हाच कळतं. मोठ्या सिव्हिलमध्ये ओपीडीच्या दारात जाऊन उभं राहणारे आणि मग मागच्या बाजूच्या प्रसूती विभागाकडे धावणारे लोक रोज दिसतात.

रस्ता कशाने अडतो हे ज्याच्या त्याच्या भागावर आहे. पश्चिम महाराष्ट्रात गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, उसाच्या ट्रॉल्यांनी अरुंद रस्ते भरलेले असतात आणि रात्री त्यांना मागचा दिवाही नसतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर दरडी. नदीकाठी फरशी पूल, जो दोन तासांच्या पावसात पाण्याखाली जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्गच बंद पडला होता, तिथे गल्लीबोळातल्या रस्त्यांचं काय घेऊन बसायचं. तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल तर दुसरा रस्ता ठरवा, आणि पुलापलीकडे दवाखाना असेल तर जोराच्या पावसाचा इशारा आला की पाणी चढायच्या आतच पलीकडे मुक्कामाला जा. एरवी आठवडी बाजाराचा वार, रेल्वे फाटक, गावची जत्रा हे लक्षात ठेवा. पुण्यात पालखीचे आणि विसर्जनाचे दिवस, मुंबईत मोठ्या भरतीच्या वेळी कोसळणारा पाऊस. आपली तारीख या दिवसांच्या आसपास येते का हे कॅलेंडरवर बघायला पाच मिनिटं पुरतात.

गाडी: एक नाही, तीन

१०२ ही गरोदर बाई आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठीची सरकारी गाडी. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून सरकारी दवाखान्यात नेणं, तिथून गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात नेणं आणि बाळंतपणानंतर घरी सोडणं, हे तिन्ही मोफत आहे. डिझेलला पैसे मागितले तर द्यायचे नसतात. ही गाडी बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात उभी असते. चालकाचा मोबाईल नंबर आशाताईकडून घ्या आणि ३६ व्या आठवड्यात त्याला एकदा फोन करून घर कुठे आहे ते सांगा. घर आधीच माहीत असलेला चालक रात्री फाटा चुकत नाही.

१०८ ही सर्वच तातडीच्या रुग्णांसाठीची गाडी, महाराष्ट्रात २०१४ पासून. तिच्यात ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात. रक्तस्राव, झटके, बेशुद्धी, नाळ बाहेर येणं, बाळ वाटेतच येणं, अशा वेळी आधी १०८. साध्या कळांना १०२ आधी, ती नाही मिळाली तर १०८.

फोन लावताना माणसं गडबडतात, म्हणून काय सांगायचं ते कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा: बाईचं नाव, कितवी खेप, किती आठवडे, काय होतंय, गाव-वाडी-तालुका-जिल्हा, गाडी कुठपर्यंत येते आणि ओळखीची खूण. ‘मारुतीच्या देवळाजवळ’ पुरत नाही, प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ आहे. ‘अमुक फाट्यावरून आत दोन किलोमीटर, पाण्याच्या टाकीसमोर’ असं हवं. फाट्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. घरात रेंज येत नसेल तर कुठे येते ती जागा सगळ्यांना माहीत असू द्या.

दोन्ही गाड्या दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेल्या असू शकतात. फोनवर किती वेळ लागेल हे विचारा. तो वेळ तुमच्या हिशोबात बसत नसेल तर तिसरी गाडी काढा. ही गावातली जीप, शेजाऱ्यांची कार, ओळखीची रिक्षा. दोन मालकांशी बोलून ठेवा. एकाच्या भरवशावर राहू नका, तो नेमका लग्नाला गेलेला असतो. भाडं आधी ठरवा. शेवटच्या महिन्यात टाकीत निम्म्याच्या खाली तेल जाऊ देऊ नका, असं त्यांना स्पष्ट सांगा. दोन-तीन हजार रुपये रोख, सुट्ट्यासकट, कार्डाच्या पिशवीतच ठेवा. मध्यरात्री यूपीआय अडलं तर पंपावर खोळंबा होतो. शहरात ॲपवरची गाडी हा पहिला पर्याय धरू नका, रात्री चालक फेरी रद्द करतात. सोसायटीच्या वॉचमनला मात्र आधी सांगून ठेवा, फाटक आणि लिफ्ट त्याच्या हातात असते.

गाडी वाडीपर्यंत येतच नसेल तर उचलून न्यायची सोय आधी करा. हात असलेली मजबूत खुर्ची किंवा बांबू आणि जाड घोंगडीची डोली, आलटून-पालटून खांदा द्यायला सहा-आठ जण. रिकामी डोली एकदा वजन टाकून तपासा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं टाळा: कळ आली की तिचा तोल जातो.

घरी कोण थांबणार, मोठं मूल कोणाकडे, गुरांना वैरण कोण टाकणार, हेही याच यादीत. आणि निर्णय कोणाचा? नवरा परगावी, सासरे झोपलेले, दीर फोन उचलत नाही, आणि तोवर कोणी ‘निघा’ म्हणत नाही, अशी तासांची नासाडी होते. बाईने स्वतः सांगितलं की निघायचं, कोणाची परवानगी लागणार नाही, हे घरात आधीच ठरवा.

निघायचं कधी

खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, वाढत जातात, कमरेतून पुढे येतात आणि फिरल्याने किंवा कूस बदलल्याने थांबत नाहीत. खोट्या कळा अनियमित असतात, विश्रांतीने ओसरतात. एक कळ सुरू झाली तिथपासून दुसरी सुरू होईपर्यंतची मिनिटं मोजा आणि कागदावर लिहा. पहिलटकरणीला दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं, असा शहरातला ठोकताळा आहे. दवाखाना अर्ध्या तासावर असेल तर तो ठीक. दोन तासांचा हिशोब असेल तर १० मिनिटांवर नियमित झाल्या की निघा. दुसरी-तिसरी खेप असेल तर कळा नियमित वाटल्या की लगेच, कारण या खेपेला सगळं झपाट्याने होतं. आधीचं सिझर असेल तर पहिल्या कळेलाच.

अंगावरून लालसर चिकट स्राव थोडासा गेला तर घाबरू नका, गाडीवाल्याला सावध करा. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघा. वेळ लिहा, स्वच्छ पॅड लावा, रंग बघा. हिरवट किंवा तपकिरी पाणी म्हणजे बाळाने आत शी केलेली असू शकते, तिथे वाट बघायची नाही. ‘डोकं अजून खाली बसलेलं नाही’ असं तपासणीत सांगितलं असेल आणि पाणी गेलं तर तिला कुशीवर झोपवूनच न्या.

कळा असोत-नसोत, पुढच्या गोष्टींना तात्काळ निघायचं: पाळीसारखा किंवा त्याहून जास्त रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणं, सतत न सुटणारं पोटात दुखणं, ताप, ३७ आठवड्यांच्या आधी कळा, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं. झटके आले तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो. वाटेत केंद्र असेल तर तो घेऊनच पुढे जा.

निघण्याआधी गावातल्या कोणाकडून ‘कळा वाढवायचं’ इंजेक्शन घेऊ नका. त्याने गर्भपिशवी फाटू शकते, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. एरंडेलही नको, प्रवासात जुलाब सुरू होतात.

लवकर पोचलात आणि ‘अजून वेळ आहे, घरी जा’ असं सांगितलं, तर आपण किती लांबून आलो ते सांगा: ‘आम्ही दीड तासावरून आलोय, रात्री गाडी नाही.’ तरीही दाखल करून घेतलं नाही तर गावी परत न जाता जवळच थांबा.

गाडीत

उताणं झोपवू नका. भरलेल्या गर्भपिशवीचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, बाईला चक्कर येते आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. डावी कूस उत्तम, नाहीतर मागच्या सीटवर तिला सोसेल तसं टेकून. बसली असेल तर पट्टा लावा: खालचा पोटाच्या खालून मांड्यांवर, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून. सीटवर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर जुनी धुतलेली साडी, उलटीसाठी पिशवी, पाण्याची बाटली. पाणी, ताक, सरबत घोट-घोट चालतं, जेवण नको. चालकाने खड्ड्यांत हळू जायचं. दहा मिनिटं वाचवायला वेग वाढवून काही मिळत नाही.

सोबत दोघं पुरे, त्यातली एक बाळंतपण झालेली बाई. गाडी निघाली की दवाखान्यात फोन करा.

बाळ वाटेतच आलं तर

जोर करावासा आवरत नाही, शौचाला लागल्यासारखं वाटतं, डोकं दिसायला लागलं, म्हणजे आता पोचणं होणार नाही. गाडी कडेला घ्या, दिवे चालू ठेवा, १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा. पाय आवळून धरायला सांगणं, डोकं आत रेटणं, दोन्ही घातक. हात साबणाने किंवा सॅनिटायझरने धुवा, खाली स्वच्छ कापड घाला. डोकं बाहेर येताना तळहाताने हलका आधार द्या, ओढू नका, पोट दाबू नका. नाळ मानेभोवती सैल असेल तर डोक्यावरून काढा. पुढच्या कळेला खांदे येतात. अडले तर बाईचे गुडघे छातीकडे घट्ट ओढून धरा.

बाळ निसरडं असतं, कापडात धरा. लगेच कोरडं पुसा, ओलं कापड टाकून द्या, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांवर कोरडं पांघरूण घाला, बाळाचं डोकं झाका. रडलं नाही तर पाठ चोळा, तोंड-नाक पुसा. उलटं धरून मारू नका. नाळ कापू नका, ब्लेड शोधत बसू नका, तिच्यावर हळद किंवा राख लावू नका. वार आपोआप पडते. ती ओढायची नाही. पडली की पिशवीत घालून बाळाच्या शेजारी ठेवा, डॉक्टर ती पूर्ण आली का ते बघतात. बाळाला छातीशी पाजायला लावा. त्याने गर्भपिशवी आवळते. वार पडल्यावर रक्त वाहतच राहिलं तर बेंबीखाली हाताने जोर देऊन चोळा, आत कडक गोळा लागेपर्यंत, आणि गाडी हलवा.

आधी पाय किंवा कुल्ले दिसले तर हात लावू नका आणि ओढू नका, १०८ वर ते पहिल्या वाक्यात सांगा. बाळाआधी नाळ बाहेर आली तर ती आत ढकलू नका. बाईला गुडघे-कोपरांवर, कुल्ले वर आणि छाती खाली करून ठेवा, जोर करू देऊ नका. ते जमत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून कुल्ल्यांखाली दोन उशा घाला. अशा वेळी सिझर होणारं सगळ्यात जवळचं ठिकाण, मग ते ठरलेलं असो वा नसो.

पुढे पाठवलं तर

लहान केंद्रातून ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ असं सांगितलं की घाबरून तशीच रिक्षा करू नका. चिठ्ठी मागा: निघाल्याची वेळ, बीपी, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, कोणती औषधं दिली. सलाइनची सुई हातात राहू द्या. पुढच्या दवाखान्यात फोन झालाय ना, जागा आणि डॉक्टर आहेत ना, हे विचारा. गाडी १०२ किंवा १०८ घ्या आणि सोबत नर्सबाई मिळेल का ते विचारा. वाटेत बेत बदलून तिसऱ्याच दवाखान्यात शिरू नका, तिकडे तिची वाट बघत डॉक्टर थांबलेले असतात आणि इकडे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

बाळंतपण नीट झालं तरी ४८ तास तिथेच थांबा. मोठा रक्तस्राव आणि झटके बहुधा याच काळात येतात. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणानंतर ३ दिवस आणि सिझरनंतर ७ दिवस जेवणही मोफत असतं. घरी सोडायची तारीख कळली की आदल्या दिवशीच नर्सबाईंना परतीच्या १०२ ची नोंद करायला सांगा, नाहीतर गाडी संध्याकाळपर्यंत मिळत नाही आणि लोक खासगी जीप करून मोकळे होतात.